हातोडा पडला तेव्हा बाहेर कोण होतं? दुबईच्या हवामान परिषदेचा प्रकरण अभ्यास

जून २०१८ मध्ये दिल्लीत एका करारावर सह्या झाल्या. कोकणात नाणारला होऊ घातलेल्या ६ कोटी टनांच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात सौदी अरामको आणि अबू धाबीची सरकारी तेल कंपनी अ‍ॅडनॉक मिळून निम्मा वाटा उचलणार होत्या. अ‍ॅडनॉकच्या वतीने सही करणारे गृहस्थ होते सुलतान अहमद अल जाबेर. नाणारचं पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पण साडेपाच वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ ला, याच अल जाबेर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेचे अध्यक्ष म्हणून दुबईत निर्णय मंजूर झाल्याची खूण असलेला हातोडा आपटला आणि जगातल्या जवळपास २०० देशांनी परिषदेच्या निर्णयात पहिल्यांदाच सगळ्या जीवाश्म इंधनांपासून (कोळसा, तेल, वायू) दूर जाण्याची भाषा मान्य केली.

तेल विकणाऱ्या देशाच्या, तेल कंपनी चालवणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, याचं जगाला आश्चर्य वाटलं. मला ते तितकंसं वाटत नाही. ते का, आणि त्या यशाची भोकं कुठे राहिली, हे पाहण्यासाठी हे प्रकरण टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. उघड पदावरच्या व्यक्तींची नावं घेतली आहेत. बाकीच्या वाटाघाटीकारांना फक्त देशाच्या किंवा गटाच्या नावाने ओळखूया.

पार्श्वभूमी

यूएईचा संसार दोन चुलींवर चालतो. एका चुलीवर तेल. २०२७ पर्यंत रोजची उत्पादनक्षमता ५० लाख पिंपांवर न्यायची, ही अ‍ॅडनॉकची जाहीर योजना. आधी ती २०३० ची होती. ती अलीकडे ओढली. दुसऱ्या चुलीवर सौरऊर्जा, अणुऊर्जा आणि पर्यावरणाची मुत्सद्देगिरी. २००६ मध्ये मसदार ही अक्षय ऊर्जेची कंपनी निघाली आणि तिचे पहिले प्रमुखही अल जाबेरच. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेचं मुख्यालय अबू धाबीने जर्मनीच्या बॉनशी स्पर्धा करून मिळवलं. बराकाला अणुप्रकल्पाच्या चार अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. अल धफ्राचा २ गिगावॅटचा सौर प्रकल्प परिषदेच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. २०५० पर्यंत नेट झीरो करू, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ, असं आखाती देशांत सर्वांत आधी यूएईने जाहीर केलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये.

या दोन चुली एकमेकींना विझवत नाहीत, कारण हिशेबाचा नियमच तसा आहे. पॅरिस करारात उत्सर्जन मोजलं जातं ते इंधन जिथे जळतं तिथे. अबू धाबीचं तेल मुंबईच्या रस्त्यावर जळलं तर त्याचा धूर भारताच्या खात्यावर चढतो. त्यामुळे तेल निर्यात वाढवत असतानाच देशांतर्गत उत्सर्जन घटवणं कागदोपत्री अगदी शक्य आहे. आखाती पर्यावरण मुत्सद्देगिरी समजून घ्यायची तर सगळ्यात आधी ही एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते. बाकीचं बरंचसं तिच्यातूनच निघतं.

दुसरी गोष्ट इतिहासाची. १९९२ च्या हवामान करारातल्या चौथ्या कलमात, ज्यांची अर्थव्यवस्था जीवाश्म इंधनाच्या उत्पादनावर आणि निर्यातीवर टिकून आहे अशा देशांच्या अडचणी लक्षात घ्याव्यात, असं वाक्य आहे. हे कलम अरब गट तेव्हापासून शस्त्रासारखं वापरत आला आहे. तुम्ही तेल कमी जाळलंत तर आमचं नुकसान होईल, त्याचंही बोला, हा त्याचा आशय. शिवाय या परिषदेत मतदान कसं घ्यायचं याचा नियम आजपर्यंत मंजूरच झालेला नाही, आणि तो अडवण्यात सौदी अरेबियाचा मोठा हात होता. बहुमताने काही ठरत नाही, सहमतीनेच ठरतं. थोडक्यात, एखाद्या वजनदार देशाने सभेत उभं राहून ‘आमची हरकत आहे’ म्हटलं की गाडी थांबते.

थांबतेच असंही नाही म्हणा. २०१२ मध्ये दोहाला हीच परिषद भरली होती. अध्यक्ष होते कतारचे अब्दुल्ला बिन हमद अल अतिय्या. औद्योगिक देशांवर उत्सर्जनकपातीचं बंधन घालणाऱ्या क्योटो कराराच्या दुसऱ्या टप्प्याला रशियाची हरकत होती. अल अतिय्या यांनी शेवटच्या बैठकीत एकामागून एक निर्णय वाचत धडाधड हातोडा आपटला आणि रशियाची हरकत ऐकली जाईपर्यंत सगळं मंजूर झालेलं होतं. रशियाने पुढच्या वर्षी बॉनमधल्या, परिषदेच्या पूर्वतयारीच्या बैठकीत त्याचा वचपा काढला आणि एका समितीचं कामकाजच होऊ दिलं नाही. आखाती यजमानाचा हातोडा जलद चालतो, ही आठवण मुत्सद्द्यांच्या मनात ताजी होती. पुढे ती पुन्हा येणार आहे.

पेच

जानेवारी २०२३ मध्ये अल जाबेर यांचं नाव अध्यक्ष म्हणून जाहीर झालं आणि त्याच दिवसापासून टीका सुरू झाली. तेल कंपनीचा मुख्याधिकारीच हवामान परिषदेचा अध्यक्ष! मे महिन्यात अमेरिका आणि युरोपातल्या १३० हून अधिक लोकप्रतिनिधींनी त्यांना हटवा असं पत्र लिहिलं. परिषदेच्या आदल्या आठवड्यात बीबीसीने फुटलेल्या कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली की यूएईने हवामानविषयक भेटीगाठींतच तेल-वायूचे सौदे बोलायची तयारी केली होती. यूएईने आरोप फेटाळला. परिषद चालू असताना आणखी एक जुनं संभाषण बाहेर आलं. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्याशी बोलताना अल जाबेर म्हणाले होते की जीवाश्म इंधनं बंद केल्याने तापमानवाढ दीड अंशावर थांबेल असं सांगणारं विज्ञान नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानशास्त्रज्ञ मंडळाचे अध्यक्ष जिम स्की यांना शेजारी बसवून पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि आपण विज्ञान मानतो असं सांगावं लागलं.

हे सगळं खमंग आहे, पण खरा पेच वेगळाच होता. पॅरिस करारानुसार २०२३ मध्ये पहिला जागतिक आढावा पुरा करायचाच होता. आपण कुठे आहोत, कुठे असायला हवं, आणि आता काय करायचं, या तीन प्रश्नांचं उत्तर लेखी द्यायचं होतं. आढाव्यात जीवाश्म इंधनाचा शब्द नसेल तर तो आढावा कसला, असं म्हणणारे शंभराहून जास्त देश होते. त्यात युरोपीय संघ होता, ३९ लहान बेटराष्ट्रांचा गट होता. समोर सौदी अरेबिया आणि त्याच्याबरोबर इराक, कुवेत यांसारखे तेल उत्पादक होते. उत्सर्जनाबद्दल बोला, इंधनाचं नाव घेऊ नका, ही त्यांची भूमिका. मधे चीन, आफ्रिकी देश आणि भारत.

भारताची भूमिका आपल्याकडच्या बातम्यांत नीट आली नाही असं मला वाटतं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत एकट्या कोळशाचं नाव आलं आणि शेवटच्या क्षणी ‘बंद’ऐवजी ‘कमी’ करवून घेतल्याचा ठपका भारतावर आला. कोळसा गरिबांचा, तेल श्रीमंतांचं. मग एकट्या कोळशाला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करता, हा भारताचा सवाल होता. म्हणूनच २०२२ मध्ये शर्म अल-शेखला सगळीच जीवाश्म इंधनं टप्प्याटप्प्याने कमी करूया, असा प्रस्ताव भारताने मांडला. त्याला सुमारे ८० देशांचा पाठिंबा मिळाला, पण यजमान इजिप्तच्या मसुद्यात तो आलाच नाही.

म्हणजे गप्प बसणं हा मार्ग आदल्या वर्षी वापरून झाला होता आणि त्याने कोणाचंच समाधान झालं नव्हतं.

समोरचे पर्याय

अध्यक्षांच्या बाजूने पाहिलं तर चार वाटा होत्या.

पहिली, शर्म अल-शेखचीच. पैसा, अक्षय ऊर्जा, मिथेन यांवर भरघोस घोषणा करायच्या आणि इंधनाचा शब्द टाळायचा. सर्वांत सोपी. पण अध्यक्ष तेल कंपनीचा असताना शब्द गाळला गेला असता तर ‘आम्ही म्हणत होतो ना’ असं म्हणायला सारं जग टपलेलं होतं. इजिप्तला जे खपून गेलं ते यूएईला खपलं नसतं. अल जाबेर यांची बदनामीच या वाटेच्या आड आली, हे गमतीशीर पण खरं आहे.

दुसरी, ‘टप्प्याटप्प्याने बंद’ या शब्दांमागे उभं राहायचं. मग रियाधशी उघड भांडण, आणि यूएई तर तेव्हा ओपेकचा, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा, सदस्य. शिवाय सहमतीच्या नियमामुळे ही वाट सभागृहाच्या दारातच संपली असती.

तिसरी, इंधनाऐवजी त्याच्या धुराला लक्ष्य करायचं. मे महिन्यात अल जाबेर स्वतः हीच भाषा बोलत होते: जीवाश्म इंधनाचं उत्सर्जन संपवू. कार्बन पकडून जमिनीत पुरण्याचं तंत्रज्ञान या भाषेत मावतं. सौदी अरेबियाने २०२० मध्ये जी-२० च्या अध्यक्षपदाच्या वेळी मांडलेली ‘चक्रीय कार्बन अर्थव्यवस्था’ही मावते. पण युरोपला आणि बेटांना ही पळवाट वाटली. जूनमध्ये बॉनच्या बैठकीच्या वेळी अल जाबेर सरकले आणि म्हणाले, जीवाश्म इंधनं कमी होणं अटळ आहे. हा बदल तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नाही.

चौथी वाट म्हणजे ‘बंद’ही नको आणि ‘कमी’ही नको, नवंच क्रियापद शोधायचं. या दोन शब्दांवर इतकी वर्षं भांडणं झाली होती की प्रत्येक राजधानीने त्यांच्यावर लाल रेघ मारून ठेवली होती. नव्या शब्दावर अजून कोणाची रेघ नव्हती.

प्रत्यक्षात काय केलं

पहिला डाव पहिल्याच दिवशी, ३० नोव्हेंबरला. अशा परिषदांत कार्यक्रमपत्रिकेवरूनच दिवस वाया जातात. त्याच वर्षी जूनमध्ये बॉनला ती बैठक संपायच्या आदल्या दिवशी मंजूर झाली होती. दुबईत उद्घाटनालाच पत्रिका मंजूर झाली, आणि त्याच बैठकीत ‘हानी आणि नुकसान’ निधी कार्यान्वित करण्याचा निर्णय झाला. हवामानबदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांना मदत देणारा हा निधी. बेटराष्ट्रं तीस वर्षं तो मागत होती. लगेच यूएईने १० कोटी डॉलर जाहीर केले, पाठोपाठ जर्मनीने तितकेच. अमेरिकेने १.७५ कोटी डॉलर दिले आणि सगळीकडे हसं झालं.

यातली खोच अशी की १९९२ च्या करारात यूएईची गणना विकसनशील देशांत होते. पैसे द्यायचं बंधन त्याच्यावर नाही. बंधन नसलेल्याने श्रीमंतांच्या बरोबरीने पाकीट काढलं, तेव्हा इतरांना हात खिशात ठेवणं जड गेलं. बेटराष्ट्रांशी अध्यक्षांचं नातं इथे जुळलं. हे उधारीवरचं नातं आहे हे दोघांनाही माहीत असावं. वसुली तेरा दिवसांनी होणार होती.

२ डिसेंबरला दोन घोषणा झाल्या. शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करण्याचं मान्य केलं. भारत आणि चीन यांनी त्यावर सही केली नाही. त्याच दिवशी ५० तेल-वायू कंपन्यांनी विहिरीवरची मिथेन गळती आणि नेहमीची वायू जाळण्याची पद्धत २०३० पर्यंत जवळजवळ शून्यावर आणण्याची सनद मान्य केली. तेल विकल्यानंतर ग्राहक जाळतो तो धूर सनदेत नाही. वर सांगितलेला हिशेबाचा नियम इथे पुन्हा भेटतो.

मग पहिला खरा धक्का बसला. ओपेकचे सरचिटणीस हैथम अल घैस यांनी सदस्य देशांना ६ तारखेला लिहिलेलं पत्र दोन दिवसांनी फुटलं. उत्सर्जनाऐवजी इंधनाला लक्ष्य करणारा कोणताही मजकूर फेटाळा, असं त्यात होतं. पत्र ज्यांना गेलं त्यात यजमानही होता! युरोपातून संतापाच्या प्रतिक्रिया आल्या. पण तटस्थपणे पाहिलं तर या पत्राने यूएईचं कामच केलं. तोवर ‘तेलवाले’ हा एकच गठ्ठा होता. पत्र आल्यावर यूएई आणि ओपेक यांच्यात फट आहे, हे जगाला दिसलं.

१० डिसेंबरला अल जाबेर यांनी मजलिस बोलावली. अरबी घरात पाहुणे आणि घरचे भिंतीला टेकून गोलाकार बसतात, कॉफी फिरते, ज्येष्ठ बोलतात, बाकीचे ऐकतात. आपल्याकडचा गावचा पार जवळपास असाच. मंत्र्यांनी गोल बसायचं, लिहून आणलेलं भाषण वाचायचं नाही, मनातलं बोलायचं, अशी अट घातली. कल्पना छान होती. पण गोल करून बसलेल्या मंत्र्यांपैकी बरेच जण जुन्याच भूमिका नव्याने सांगून गेले. पारावरही तेच होतं म्हणा. पारावर खरा निर्णय नंतर, दोघं-तिघं उठून बाजूला जातात तेव्हा होतो.

११ डिसेंबरच्या संध्याकाळी मसुदा आला. देशांनी करता येतील अशा कृतींची यादी होती आणि यादीच्या डोक्यावर ‘ज्यात यांचा समावेश असू शकेल’ असे शब्द. त्या यादीत जीवाश्म इंधनाचा वापर आणि उत्पादन कमी करणं, ही एक नोंद. ‘असू शकेल’ म्हणजे नसूही शकेल. शिवाय नव्या कोळसा प्रकल्पांच्या परवान्यांवर मर्यादा घालायची नोंद तेवढी स्पष्ट होती, तेव्हा दिल्लीलाही हा मसुदा रुचणं शक्य नव्हतं. मार्शल बेटांचे मंत्री जॉन सिल्क म्हणाले, आम्ही आमच्या जलसमाधीत मुकाट्याने जाणार नाही. सामोआचे सेड्रिक शुस्टर म्हणाले, आम्ही आमच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करणार नाही.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच: इतका पातळ मसुदा मुद्दाम दिला की हिशेब चुकला? दुसऱ्या दिवशी सकाळी परिषदेचे महासंचालक माजिद अल सुवैदी यांनी पत्रकारांना सांगितलं की मतं टोकाची आहेत हे ठाऊक होतंच, मसुदा दिला म्हणून सगळ्यांच्या लाल रेघा पटकन समोर आल्या. हे नंतर सुचलेलं शहाणपण म्हणून सोडून देता येईल. मी तसं सोडत नाही. मसुदा सौदी बाजूला झुकलेला होता. त्यावर जगाचा संताप उसळला. आणि त्यानंतर अध्यक्षांना रियाधकडे जाऊन म्हणता आलं की तुमच्या मनासारखं लिहून पाहिलं, चालत नाही. शेजाऱ्याला पटवायला घरच्याच माणसाने जावं लागतं. ब्रिटिश किंवा फ्रेंच अध्यक्षाने हेच सांगितलं असतं तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. या परिषदेत अल जाबेर यांच्या तेलाच्या पेशाचं जे भांडवल झालं ते इथे.

१२ तारखेला सकाळी परिषद संपायची होती. ती रात्र द्विपक्षीय बैठकांत गेली: अमेरिकेचे जॉन केरी, चीनचे शिए झेनहुआ, सौदी पथक, बेटराष्ट्रं. १३ ला सकाळी नवा मसुदा आला. परिच्छेद २८ मध्ये ‘असू शकेल’ गेलं होतं. त्याजागी देशांना जागतिक प्रयत्नांत हातभार लावण्याचं आवाहन, आणि त्यात ऊर्जाव्यवस्थेत जीवाश्म इंधनांपासून न्याय्य, सुव्यवस्थित आणि समन्यायी रीतीने दूर जाणं, या निर्णायक दशकात कृतीचा वेग वाढवणं, २०५० पर्यंत नेट झीरो गाठण्यासाठी. कोळशाची भाषा ग्लासगोच्या पातळीवर परत आली, नव्या परवान्यांची मर्यादा गेली. भारताचं काम झालं.

या ‘दूर जाणं’ शब्दांची कुळकथा सांगायला हवी. महिनाभर आधी पॅसिफिक बेटांच्या नेत्यांनी कुक बेटांवर भरलेल्या आपल्या बैठकीत जवळपास हेच शब्द वापरले होते. म्हणजे तोडग्याचं क्रियापद बुडणाऱ्या बेटांच्या घरातलं.

सकाळी अकराच्या सुमारास सभा सुरू झाली. अल जाबेर यांनी निर्णय वाचला, क्षणभर नजर फिरवली, हातोडा आपटला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. बेटराष्ट्रांचे प्रतिनिधी तेव्हा सभागृहात नव्हते. आपली अंतिम भूमिका ठरवत ते बाहेर बसले होते. बेटराष्ट्रांच्या गटाच्या वतीने बोलणाऱ्या, सामोआच्या मुख्य वाटाघाटीकार अ‍ॅन रासमुसेन आत आल्या तेव्हा टाळ्या चालू होत्या. बोलायची वेळ आल्यावर त्या म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हा तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवत होतात, त्यात व्यत्यय आणायचा नव्हता. पण निर्णय झालेला दिसतो आणि लहान बेटराष्ट्रं खोलीत नव्हती. त्यांचं बोलणं संपल्यावर पुन्हा सगळे उभे राहिले. त्या टाळ्या अध्यक्षांच्या टाळ्यांपेक्षा लांबल्या.

निकाल

निर्णयाला ‘यूएई सहमती’ असं नाव देण्यात आलं. जगाच्या वृत्तपत्रांनी ऐतिहासिक म्हटलं, आणि एका अर्थी तो होताच. क्योटोत नाही, पॅरिसमध्ये नाही, सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा तोवरच्या एकाही परिषदेच्या निर्णयात नव्हती.

पण त्याच दिवशी सौदी ऊर्जामंत्री अब्दुलअझीझ बिन सलमान यांनी अल अरेबिया वाहिनीला सांगितलं की या निर्णयाचा आमच्या तेल निर्यातीवर परिणाम होणार नाही. दोन दिवसांनी अल जाबेर यांनीही स्पष्ट केलं की अ‍ॅडनॉक तेलातली गुंतवणूक चालू ठेवेल. दोघंही मजकुराच्या चौकटीतच बोलत होते. ‘ऊर्जाव्यवस्थेत’ या शब्दामुळे प्लास्टिक आणि रसायनांसाठीचं तेल बाहेर राहिलं. पुढच्याच परिच्छेदात संक्रमण काळातल्या इंधनांना जागा दिली होती, म्हणजे नैसर्गिक वायूला. कार्बन पकडण्याचं तंत्रज्ञानही यादीत होतं. बेटराष्ट्रांनी पळवाटांची जंत्री म्हटलं ते यालाच.

यूएईने आपल्या देशांतर्गत बाजूला हात आखडला नाही. २०३५ पर्यंत उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४७ टक्के कमी करण्याचं लक्ष्य नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलं. निर्यातीचा धूर त्यात येत नाही, ते आता वेगळं सांगायला नको.

पुढच्या परिषदांत मात्र गाडी घसरली. २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकूला अरब गटाच्या वतीने सौदी प्रतिनिधीने सांगितलं की जीवाश्म इंधनासह कोणत्याही एका क्षेत्राला लक्ष्य करणारा मजकूर चालणार नाही. दुबईतलं वाक्य तिथल्या निर्णयांत पुन्हा आलं नाही. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला ८० हून अधिक देशांनी दूर जाण्याचा आराखडा मागितला. अंतिम निर्णयात ‘यूएई सहमती’ हे नाव आलं. त्या नावाखाली काय ठरलं होतं, ते शब्द आले नाहीत. आराखडा करण्याचं काम ब्राझीलने अध्यक्ष म्हणून निर्णयाच्या बाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

अल जाबेर यांनी वर्षभर अ‍ॅडनॉकचं पद सोडायला हवं होतं, हे अनेकांनी सुचवलं. मला ते पटायला वेळ लागला, कारण रियाधला पटवायला त्यांचं ते वजन उपयोगी पडलं हे मी वर लिहिलंच आहे. पण ते वजन पदाबरोबर आलेलं नव्हतं. रजेवरचा मुख्याधिकारीही तेलाच्या जगात मुख्याधिकारीच असतो. पद सोडलं असतं तर फुटलेली कागदपत्रं आणि जुन्या संभाषणाच्या खुलाशात गेलेले दिवस बहुधा वाचले असते.

हातोड्याची घाई टाळता आली असती. दहा मिनिटं थांबलं असतं तर काय झालं असतं? बेटराष्ट्रं आत आली असती आणि दोन शक्यता होत्या. त्यांनी हरकत घेतली असती तर सहमती मोडली असती आणि दोष बेटांवर आला असता. ते हे ओझं उचलतील असं मला वाटत नाही. दुसरी शक्यता म्हणजे नाराजी नोंदवून त्यांनी मान्य केलं असतं, आणि निर्णयावर कोणालाही बोट ठेवायला जागा उरली नसती. मग घाई कशाची होती? माझा अंदाज, भीती बेटांची नव्हती. रात्रभर पटवलेल्यांपैकी कोणी तरी दहा मिनिटांत विचार बदलेल याची होती. दोहात हरकत घेणारा खोलीत होता आणि ऐकला गेला नाही. दुबईत हरकत घेऊ शकणारा खोलीतच नव्हता. अकरा वर्षांत आखाती हातोडा एवढा सफाईदार झाला.

तिसरी चूक बारीक आहे आणि वाटाघाटी शिकणाऱ्यांनी तीच पाहावी असं मला वाटतं. परिच्छेद २८ ला पुढे सांभाळायला कोणीच नव्हतं. निर्णयातल्या ९७ व्या परिच्छेदात आढाव्याच्या अंमलबजावणीसाठी ‘यूएई संवाद’ स्थापन झाला. आता आढावा म्हटला तर त्यात इंधनही आलं. पण हा परिच्छेद छापला गेला तो निर्णयातल्या वित्तपुरवठ्याच्या भागात. बाकूला गेल्यावर भांडण सुरू झालं: हा संवाद सगळ्या आढाव्याबद्दल की फक्त पैशाबद्दल? काही देश मजकुरावर बोट ठेवत होते, काही त्यावरच्या शीर्षकावर. वर्ष संपलं, तोडगा निघाला नाही, विषय पुढे ढकलला गेला.

तो परिच्छेद आठ-दहा पानं वर, २८ च्या खाली ठेवायला त्या रात्री कोणाची हरकत आली असती की नाही, हे सांगता येत नाही. पण वित्ताच्या शीर्षकाखाली तो गेला तेव्हा सभागृहात सगळे क्रियापदावर भांडत होते.